लहान डाव, मोठा डाव : ऑनलाइन पोकर स्पर्धांमधील चढउताराचा इतिहास

२०२४ च्या पावसाळ्यात तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी माझ्या केबिनमध्ये आला आणि लॅपटॉपवरची एक एक्सेल शीट उघडून माझ्यासमोर ठेवली. मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते आणि परीक्षा फॉर्म भरायची मुदत चार दिवसांवर आली होती. शीटमध्ये पन्नास ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तारीख, ऑनलाइन पोकर स्पर्धेची प्रवेश रक्कम, मिळालेले बक्षीस आणि शिल्लक. सुरुवात १२,००० रुपयांनी झाली होती आणि पन्नासाव्या ओळीत शिल्लक होती ९०० रुपये. "सर, मी नेमकं कुठे चुकलो ते सांगा," असे त्याने विचारले. मी त्याला द्वितीय वर्षाला संभाव्यता शिकवली होती, त्यामुळे प्रश्न योग्य माणसाला विचारला होता असे म्हणता येईल. पण तेव्हा त्याला नीट उत्तर देता आले नाही. हा पाठ त्या प्रश्नाच्या निमित्ताने लिहिला आहे. उत्तराचा बराचसा भाग गणितात आहे, पण ते गणित कुठून आले, कोणी वापरले आणि कोणी मोडले, हे इतिहासातच पाहावे लागते.

ज्यांनी पोकर कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आवश्यक तेवढेच सांगतो. पोकरच्या स्पर्धेत प्रत्येक जण ठरलेली प्रवेश रक्कम भरतो, तिला 'बाय-इन' म्हणतात. सर्वांना सारख्याच चिप्स मिळतात. चिप्स संपल्या की तो खेळाडू बाहेर. शेवटी उरणाऱ्या थोड्या लोकांमध्ये, बहुधा दहा ते पंधरा टक्क्यांमध्ये, बक्षिसाची रक्कम वाटली जाते आणि तिचा मोठा भाग पहिल्या दोन-तीन जणांकडे जातो. बाय-इनवर आयोजक आपली फी वेगळी घेतो. १० डॉलरची स्पर्धा असेल तर भरायचे ११, त्यातले १० बक्षिसात आणि १ आयोजकाला. लहान डावातून मोठ्या डावात जाणे म्हणजे १ डॉलरच्या स्पर्धेतून १० च्या, १० मधून १०० च्या आणि पुढे हजारोंच्या स्पर्धेत बसणे. खेळ तोच, पत्ते तेच, फक्त पायरी बदलते.

कॅसिनोत खालच्या पायऱ्याच नव्हत्या

लास व्हेगासमधील बिनियन्स हॉर्सशू या कॅसिनोत १९७० साली 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' सुरू झाली. तिच्या मुख्य स्पर्धेचा बाय-इन १९७२ पासून १०,००० डॉलर आहे आणि आश्चर्य म्हणजे तो आजही तेवढाच आहे. महागाईचा विचार केला तर ती पायरी पन्नास वर्षांत बरीच खाली आली आहे. पण तेव्हा दहा हजार डॉलर ही नोकरदार माणसाच्या आवाक्यातली रक्कम नव्हती. या स्पर्धेत बसणारे लोक एकमेकांना ओळखणारे, बहुतेक टेक्सासकडचे, व्यवसायाने जुगारी असत.

स्पर्धेचे काम पाहणाऱ्या एरिक ड्रॅक याने यावर एक युक्ती काढली. दहा जणांनी प्रत्येकी एक हजार डॉलर टाकायचे, आपापसात खेळायचे आणि जिंकणाऱ्याने ते दहा हजार घेऊन मुख्य स्पर्धेत बसायचे. मोठ्या स्पर्धेभोवती फिरणारी छोटी स्पर्धा म्हणून तिला 'सॅटेलाइट' हे नाव पडले. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच हा प्रकार, फक्त दहातल्या नऊ जणांचा आवळाही जातो. टॉम मॅकेव्हॉय हा सॅटेलाइटमधून प्रवेश मिळवून मुख्य स्पर्धा जिंकणारा पहिला खेळाडू, साल १९८३. पोकरकडे वळण्यापूर्वी तो अकाउंटंट होता. हा तपशील लक्षात ठेवा, वीस वर्षांनी दुसरा अकाउंटंट येणार आहे.

मात्र एक हजार डॉलरच्याही खाली पायऱ्या का नव्हत्या? एक डॉलरची स्पर्धा कॅसिनोत का होत नसे? कारण अगदी साधे आहे. टेबलाला पत्ते वाटणारा माणूस लागतो, त्याला पगार लागतो, टेबलाला जागा लागते. नऊ जणांच्या एक डॉलरच्या स्पर्धेत आयोजकाला दहा टक्के दराने नव्वद सेंट मिळणार आणि वाटप करणाऱ्याचा तासाचा पगारच त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे शिडी होती, पण तिच्या खालच्या पायऱ्या कापलेल्या होत्या. शिकायचे असेल तर परवडणार नाही इतक्या उंचीवरूनच शिकावे लागे.

संगणकाने नेमके हेच बदलले. १ जानेवारी १९९८ रोजी प्लॅनेट पोकर या संकेतस्थळावर खऱ्या पैशांचा ऑनलाइन पोकर सुरू झाला. २००१ मध्ये पार्टीपोकर आणि पोकरस्टार्स आले, २००४ मध्ये फुल टिल्ट. पत्ते वाटायला सर्व्हर असल्यामुळे एका जास्तीच्या टेबलाचा खर्च जवळजवळ शून्य झाला. एक डॉलरच्याच काय, काहीच न भरता बसता येणाऱ्या स्पर्धाही सुरू झाल्या. त्यांना 'फ्रीरोल' म्हणतात. हजारो लोक, बक्षीस मात्र काही डॉलर. शिवाय कॅसिनोत तासाला तीसेक डाव होतात, तर ऑनलाइन टेबलावर त्याच्या दुपटीहून जास्त, आणि माणूस एकाच वेळी चार-आठ टेबलांवर बसू शकतो. म्हणजे पूर्वी ज्या अनुभवाला दहा वर्षे लागत तो एका वर्षात मिळू लागला. तोटाही त्याच वेगाने होऊ लागला, हे ओघानेच आले.

८६ डॉलरची उडी

विद्यार्थी मला हमखास विचारतात की मनीमेकर हे खरे आडनाव आहे का. खरे आहे. ख्रिस मनीमेकर हा अमेरिकेतील टेनेसी राज्यातला अकाउंटंट. २००३ साली त्याने पोकरस्टार्सवर ८६ डॉलरच्या सॅटेलाइटमध्ये भाग घेतला. ती जिंकून त्याला वरच्या सॅटेलाइटमध्ये प्रवेश मिळाला आणि त्यातून वर्ल्ड सिरीजच्या १०,००० डॉलरच्या मुख्य स्पर्धेत. त्याने नंतर सांगितल्याप्रमाणे वरच्या सॅटेलाइटमध्ये चौथ्या क्रमांकाला ८,००० डॉलर रोख होते आणि त्याला प्रवेशापेक्षा ती रोख रक्कमच हवी होती. मित्राने आग्रह केला म्हणून तो प्रवेशासाठी खेळला. आपल्या संभाव्य बक्षिसातले हिस्से त्याने वडिलांना आणि मित्राला आधीच विकले. मग ८३९ खेळाडूंमधून तो पहिला आला. बक्षीस होते २५ लाख डॉलर.

पुढच्या वर्षी या स्पर्धेत २,५७६ लोक आले. जिंकणारा ग्रेग रेमर हाही पोकरस्टार्सच्या सॅटेलाइटमधून आलेला. २००५ मध्ये ५,६१९ आणि २००६ मध्ये ८,७७३. तीन वर्षांत दहापट. या लोकांपैकी फार मोठा हिस्सा घरातल्या संगणकावरून छोट्या स्पर्धांच्या पायऱ्या चढून आलेला होता. या वाढीला 'मनीमेकर इफेक्ट' असेच म्हणतात.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पोकरच्या लोकप्रिय इतिहासात हा प्रसंग चढण म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात ती उडी होती. मनीमेकर १ डॉलरवर स्थिर झाला, मग १० वर, मग १०० वर, असे झालेले नाही. ८६ डॉलर आणि २५ लाख डॉलर यांच्यामध्ये त्याने मोजून तीन स्पर्धा खेळल्या. त्याचे कौशल्य नाकारायचे कारण नाही. पण एका वेळी एकच माणूस जिंकतो अशा घटनेत, जिंकलेल्या माणसाकडे बघून रस्त्याचा अंदाज करणे म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाला गुंतवणुकीचा सल्ला विचारणे. त्याच सॅटेलाइटमध्ये ८६ डॉलर घालवलेल्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. सांख्यिकीत याला उत्तरजीवींचा पूर्वग्रह म्हणतात. परीक्षेत व्याख्या विचारली तर मुले पाठ म्हणून दाखवतात, मोबाइलवर जिंकणाऱ्यांच्या चित्रफिती बघताना मात्र ती आठवत नाही.

जाता जाता सॅटेलाइटची एक गंमत. ज्या सॅटेलाइटमध्ये समजा पहिल्या दहा जणांना सारखाच प्रवेश मिळणार आहे, तिथे पहिला येणे आणि दहावा येणे यांत काहीच फरक नाही. अकरा जण उरले असताना तुमच्याकडे भरपूर चिप्स असतील, तर हातात दोन एक्के आले तरी ते टाकून देणे योग्य ठरू शकते. कारण जिंकून मिळणाऱ्या जादा चिप्सची किंमत शून्य आहे आणि हरण्याची किंमत मात्र पूर्ण प्रवेश. मोठ्या डावाच्या दारात उभे राहून सर्वोत्तम पत्ते टाकून देणे बहुतेकांना जमत नाही.

चढण

चढण म्हणावी अशी दोन उदाहरणे त्या काळात आहेत आणि दोन्ही खरोखर अभ्यासण्यासारखी आहेत.

पहिले नॉर्वेच्या ॲनेट ओब्रेस्टाडचे. तिने पंधराव्या वर्षी ऑनलाइन खेळायला सुरुवात केली. त्या वयात खेळणे नियमाबाहेरचे होते, हेही नोंदवले पाहिजे. आपण कधीच स्वतःचे पैसे भरले नाहीत, फ्रीरोलमध्ये जिंकलेल्या काही डॉलरवर सगळे उभारले, असे ती सांगत आली आहे. सप्टेंबर २००७ मध्ये लंडनला युरोपातील पहिल्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा तिने जिंकली. बाय-इन १०,००० पौंड, बक्षीस १० लाख पौंड, आणि दुसऱ्या दिवशी तिचा एकोणिसावा वाढदिवस होता. त्याच सुमारास तिने १८० जणांची ४ डॉलरची एक ऑनलाइन स्पर्धा पडद्यावरचे स्वतःचे पत्ते झाकून खेळली, संपूर्ण स्पर्धेत एकदाच पाहिले, आणि जिंकली. लहान पायरीवर पत्त्यांपेक्षा समोरच्याचे वागणे वाचणे महत्त्वाचे असते, हे तिला दाखवायचे होते. अर्थात एका स्पर्धेने ते सिद्ध होत नाही. नमुन्याचा आकार एक असताना आम्ही विद्यार्थ्यांना गुण देत नाही.

दुसरे उदाहरण ख्रिस फर्ग्युसन याचे, आणि ते मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात नियम लिहिलेले आहेत. फर्ग्युसनने लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएच.डी. केली होती आणि २००० सालची वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकली होती. तो फुल टिल्ट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. २००६ मध्ये त्याने जाहीर केले की शून्य डॉलरपासून सुरुवात करून १०,००० डॉलर करून दाखवीन. फ्रीरोलमध्ये मिळतील तेवढेच पैसे, खिशातून काही नाही. नियम तीन. रोख टेबलावर किंवा छोट्या एका-टेबलाच्या स्पर्धेत एकूण रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचे नाही. अनेक टेबलांच्या मोठ्या स्पर्धेत २ टक्क्यांहून जास्त भरायचे नाही. आणि रोख टेबलावर जिंकता जिंकता समोरची रक्कम एकूण भांडवलाच्या १० टक्क्यांवर गेली, तर उठायचे. अगदी तळाच्या पायऱ्यांपुरती (अडीच डॉलरपर्यंतचे टेबल, एक डॉलरपर्यंतची स्पर्धा) सूट होती, नाहीतर सुरुवातच झाली नसती.

त्याला वर्षाहून जास्त काळ लागला. त्यातले पहिले कित्येक महिने तो मूठभर डॉलरच्या वर जाऊच शकला नाही. पुन्हा पुन्हा शून्यावर आला, पुन्हा फ्रीरोलमध्ये बसला. जगातील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, ज्याने एका स्पर्धेत पंधरा लाख डॉलर जिंकले होते, तो दोन-तीन डॉलरसाठी हजारो अनोळखी लोकांशी खेळत होता. त्याने स्वतः लिहिले आहे की अवघड होते ते खाली उतरणे. पैसे कमी झाले की नियमाप्रमाणे लहान टेबलावर यावे लागते, तिथे खेळ कंटाळवाणा वाटतो, आणि 'आपण इथले नाही' असे मनाला वाटत राहते.

वर जाण्याचा नियम कोणालाही आवडतो. त्याच नियमाची दुसरी बाजू, म्हणजे शिल्लक घटली की पायरी सोडणे, हीच खरी तर त्याची धार आहे. आपल्याकडे याचे उलटे उदाहरण शाळेपासून सर्वांना माहीत आहे. सभापर्वातला युधिष्ठिर प्रत्येक हरलेल्या डावानंतर पण वाढवत जातो. रत्ने, सोने, सैन्य, राज्य, भाऊ, स्वतः, द्रौपदी. शकुनीचे फासे हा भाग सोडून द्या. प्रामाणिक फासे असते तरी अशा पद्धतीने खेळणारा फक्त थोडा उशिरा हरला असता.

०.९८ चा पन्नासावा घात

आता आकडे. सोपे जावे म्हणून अशी स्पर्धा घेऊ की जिच्यात १०० खेळाडू आहेत, प्रत्येकी ११ डॉलर, आणि १,००० डॉलरचे सगळे बक्षीस पहिल्याला. सरासरी खेळाडूची जिंकण्याची शक्यता १ टक्का. त्याला दर स्पर्धेमागे सरासरी १० डॉलर परत मिळतात आणि ११ जातात. सरासरी खेळाडूसाठी शिडी नाहीच, आहे ती घसरगुंडी. शंभर स्पर्धांत तो सरासरीने शंभर डॉलर घालवतो आणि ते आयोजकाकडे जातात.

आता इतरांच्या दुप्पट चांगला खेळाडू घ्या. जिंकण्याची शक्यता २ टक्के. दर स्पर्धेला सरासरी मिळकत २० डॉलर, खर्च ११. हा घसघशीत फायदा आहे. असा खेळाडू पन्नास स्पर्धा खेळला आणि एकही जिंकला नाही, याची शक्यता किती? ०.९८ चा पन्नासावा घात, म्हणजे ०.३६. दुप्पट चांगल्या खेळाडूलाही तीनातून एकाहून अधिक वेळा पन्नास स्पर्धांनंतर हात हलवत परतावे लागते. त्याने ५५० डॉलर घेऊन सुरुवात केली असेल आणि पायरी न बदलता तो ११ च्याच स्पर्धा खेळत राहिला, तर इथे त्याचा खेळ संपतो. कौशल्य होते, पण ते दिसायच्या आत पैसे संपले.

आता तोच खेळाडू दर वेळी उरलेल्या रकमेच्या २ टक्केच लावतो असे समजा. पन्नास वेळा सलग हरला तर त्याच्याकडे किती उरेल? पुन्हा ०.९८ चा पन्नासावा घात. म्हणजे सुरुवातीच्या रकमेच्या ३६ टक्के. वर्गात या ठिकाणी गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. पहिला ०.३६ ही शक्यता आहे, दुसरा ०.३६ हा उरलेल्या पैशांचा हिस्सा. दोन्ही आकडे सारखे आले हा निव्वळ योगायोग, कारण मी दोन्हीकडे २ टक्के घेतले. पण दोन्ही एकत्र वाचले की चित्र दिसते. पायरीला चिकटून राहणाऱ्याला ज्या प्रसंगात शून्य हाती येते, त्याच प्रसंगात खाली उतरत गेलेल्याकडे एक तृतीयांशाहून जास्त रक्कम शिल्लक असते. हेच २ टक्क्यांऐवजी २५ टक्के करून बघा. दहाच पराभवांत ५.६ टक्के उरतात.

किती टक्के योग्य, याचे उत्तर १९५६ साली बेल लॅब्जमधील जॉन केली यांनी दिले. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना क्लॉड शॅनन माहीत असतात. केली त्यांचे सहकारी आणि त्यांचा निबंध मुळात दळणवळणाच्या वाहिनीतून किती माहिती जाते या प्रश्नाचा होता. त्यांच्या सूत्रात पैसे दीर्घकाळात सर्वांत वेगाने वाढावेत यासाठी प्रत्येक वेळी भांडवलाचा कोणता हिस्सा लावावा हे निघते. आपल्या खेळाडूसाठी ते सूत्र लावले तर उत्तर येते सुमारे ०.९ टक्के. २ टक्के लावले तर वाढीचा दर जेमतेम शून्याच्या वर राहतो आणि त्याहून थोडे पुढे गेले की, खेळाडू दुप्पट चांगला असूनही, भांडवल दीर्घकाळात आटत जाते. फायद्याचा डाव जास्त पैसे लावल्यामुळे तोट्याचा होतो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. स्वतः गणित करून पाहा. (खऱ्या स्पर्धेत बक्षीस अनेकांत वाटले जाते, म्हणून चढउतार आमच्या उदाहरणापेक्षा कमी असतो आणि २ टक्के इतके कडक वाटत नाहीत.)

मग लोक मोठ्या पायरीवर जात कसे होते? बरेच जण दुसऱ्याच्या पैशाने. खेळाडू आपल्या स्पर्धेचे हिस्से विकतो, भांडवल पुरवणारा प्रवेश रक्कम देतो आणि बक्षीस ठरल्याप्रमाणे वाटले जाते. अनेक करारांत आधीचा तोटा भरून निघेपर्यंत खेळाडूला काहीच मिळत नाही. इंटरनेटवर जिंकलेल्या रकमा झळकतात, त्यातला खेळाडूचा स्वतःचा हिस्सा किती, हे त्या आकड्यात दिसत नाही.

उतरणे न जमलेल्यांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्पर्धांतले नाही, रोख टेबलांवरचे आहे. २००९ च्या अखेरीस फुल टिल्टवर 'इसिल्डुर१' नावाचा एक अनोळखी खेळाडू थेट सर्वांत मोठ्या टेबलांवर बसू लागला आणि त्याने लाखो डॉलर जिंकले. त्या वर्षीच्या ८ डिसेंबरला काही तासांत तो एकाच प्रतिस्पर्ध्याकडून सुमारे ४२ लाख डॉलर हरला. तो स्वीडनचा विक्टर ब्लोम असल्याचे जानेवारी २०११ मध्ये जाहीर झाले. त्याच्या कौशल्याबद्दल कोणाला शंका नव्हती.

ज्या पेटीत पैसे ठेवले होते

ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेने बेकायदा इंटरनेट जुगारासाठी पैसे पोहोचवणाऱ्या व्यवहारांवर कायद्याने बंदी आणली. काही कंपन्यांनी अमेरिका सोडली, पोकरस्टार्स आणि फुल टिल्ट थांबल्या. १५ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर यांच्या चालकांवरील आरोपपत्र उघड केले आणि संकेतस्थळांची नावे जप्त केली. पोकर खेळणारे त्या दिवसाला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात.

पोकरस्टार्सने अमेरिकी खेळाडूंचे पैसे लवकरच परत केले. फुल टिल्टला ते करता आले नाही, कारण पैसे नव्हतेच. सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने आरोप केला की कंपनीकडे खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे आहे, बँकेत जेमतेम ६ कोटी आहेत, आणि दरम्यान मालक-संचालकांना ४० कोटींहून अधिक रक्कम वाटली गेली आहे. न्यूयॉर्कचे तेव्हाचे सरकारी वकील, फिरोजपूरला जन्मलेले प्रीत भरारा, यांनी याला पॉन्झी योजना म्हटले. ज्यांच्यावर दिवाणी दावा झाला त्यांत ख्रिस फर्ग्युसनचे नाव होते. त्याने दोष मान्य न करता २०१३ मध्ये तडजोड केली आणि २०१८ मध्ये खेळाडूंची जाहीर माफी मागितली. पोकरस्टार्सने ७३.१ कोटी डॉलरच्या समझोत्यात फुल टिल्ट घेतली. अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंना नोव्हेंबर २०१२ मध्ये, तर अमेरिकेतल्यांना फेब्रुवारी २०१४ पासून पैसे मिळू लागले.

या तीन वर्षांचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. एखाद्या खेळाडूने २ टक्क्यांचा नियम काटेकोर पाळला असेल, प्रत्येक स्पर्धेत ताकही फुंकून प्यायला असेल, तरी त्याचे १०० टक्के भांडवल एकाच कंपनीच्या खात्यात होते. सगळे सूत्र टेबलावरच्या जोखमीचे होते. पेटीच्या जोखमीला त्यात चलच नव्हते. आणि नियम शिकवणारा माणूस त्याच पेटीच्या मालकांपैकी एक होता.

आपल्याकडे

भारतात १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने कौशल्याच्या खेळांना वगळले होते आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत मुख्यतः कौशल्य आहे असे म्हटले. पोकर कोणत्या बाजूला, यावर राज्याराज्यांत वाद चालू राहिला आणि त्या वादाच्या सावलीत पैशांचे ऑनलाइन पोकर वाढले. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के करकपात आली, ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. शंभर रुपये भरले तर त्यातले सुमारे २२ कराचे. अनेक कंपन्यांनी हा भार बोनसच्या रूपाने स्वतः उचलला, पण तो शेवटी कुठून तरी वसूल होणारच होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि कौशल्य की नशीब हा भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळण्याचे सगळे ऑनलाइन खेळ पुरवण्यास व त्यांची जाहिरात करण्यास बंदी घातली. त्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले.

त्या विद्यार्थ्याची परीक्षा फी विभागातल्या आम्ही काही जणांनी भरली आणि पुढच्या सत्रात त्याने ती परत केली. त्याच्या परवानगीने, नाव काढून, ती शीट मी आता वर्गात वापरतो. पहिल्या ४० ओळी ११० रुपयांच्या स्पर्धांच्या. खर्च ४,४००, बक्षिसे २,१००, शिल्लक ९,७००. मग आठ ओळी ५५० रुपयांच्या, बक्षीस काही नाही. शिल्लक ५,३००. मग एकाच रात्रीत २,२०० रुपयांच्या दोन. शिल्लक ९००. तिन्ही टप्प्यांवर खर्च बरोबर ४,४०० रुपये झालेला आहे. पहिल्या ४,४०० ला सात आठवडे लागले होते, शेवटच्या ४,४०० ला तीन तास.

२ टक्क्यांच्या नियमाने ५५० च्या स्पर्धेला २७,५०० रुपये आणि २,२०० च्या स्पर्धेला १,१०,००० रुपये हाताशी हवेत. शेवटच्या दहा स्पर्धा तो ११० च्याच खेळला असता आणि दहाही हरला असता, तर ८,६०० उरले असते. वर्गात बहुतेक मुले इथपर्यंत बरोबर पोहोचतात आणि चूक सापडली म्हणून पेन खाली ठेवतात.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, पण पहिल्या चाळीस ओळींतही तो हरतच होता ना? शंभर रुपये लावून अठ्ठेचाळीसच परत येत होते." मी फळ्याकडे वळून भागाकार केला. २,१०० भागिले ४,४००, म्हणजे ०.४८. चाळीस स्पर्धा हा नमुना लहान आहे, त्यावरून तो सरासरीपेक्षा कच्चा होता असे ठामपणे म्हणता येत नाही, हे मी सांगितले. किती स्पर्धा झाल्यावर म्हणता येईल, असे तिने विचारले. आपल्या १०० खेळाडूंच्या उदाहरणात २ टक्के आणि १ टक्का जिंकणारे खेळाडू निकालांवरून वेगळे ओळखायला किती स्पर्धा लागतील, हे तिला घरी काढायला दिले. उत्तर हजारांत येते. तुम्हीही काढून बघा.